चौसष्ट नंबर गाभण कशी राहिली

इंदूरजवळच्या छावणीत, डेअरी फार्मवर माझं पोस्टिंग झालं. रायफल जमा केली, हातात पाण्याचा पाइप आला. आता इंदुरात, आमच्या सुदामा नगरात लोक विचारतात, दादा, फौजेत काय केलं? मी सांगतो, गाई गाभण राहाव्यात म्हणून ड्युटी केली. हसतात. हसू दे. पलटणीला दूध लागतं, आणि गाय व्यायल्याशिवाय दूध येत नाही.

गाई संकरित, काळ्या-पांढऱ्या. थंडीत ठीक. उन्हाळा लागला की माज नीट दाखवत नाहीत. भरवल्या तरी गर्भ टिकत नाही, तीन हप्त्यांनी उलटतात, म्हणजे परत माजावर येतात. ऑर्डर अशी की तपासणीत गाभण ठरलेल्या गाईच्या गळ्यात लाल पट्टा, आणि पट्टेवाल्या गाई पंख्याच्या शेडमध्ये. रिकाम्या गाई पत्र्याखाली.

माझा जोडीदार लान्स नायक धोंडीराम, साताऱ्याकडचा. म्हणायचा, "इंदुरी, तुझं मराठी ऐकूनच गाई उलटतात."

"तू पाणी मार भिया," मी म्हणायचो. आमच्या इंदुरात भावाला भिया म्हणतात.

चौसष्ट नंबर सारखी उलटत होती. आमचे गुरांचे डॉक्टर कॅप्टन साहेब. ते म्हणाले, ही शेवटची वेळ. रिकामी निघाली तर कास्ट. कास्ट म्हणजे फौजेतून नाव कटलं, लिलावात गेली. तिला भरवलं त्याच दिवशी धोंडीरामनं तिला लाल पट्टा बांधला आणि पंख्याखाली नेलं.

मी म्हटलं, "तपासणी नाही झाली. ऑर्डर नाही."

"रिकामीलाच गार ठेवायला पाहिजे. नाहीतर राहील कशी?"

मला ते बरोबर वाटलं, आणि चूकही वाटलं. मी रिपोर्ट केला नाही.

तपासणीच्या हप्त्यात भर दुपारी लाईट गेली. पंखे बंद, पंप बंद. गाई जिभा काढून धापा टाकायला लागल्या. मी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, शेड एक. पंप बंद. टँकर पाठवा. ओव्हर."

"शेड एक, टँकर फायरिंग रेंजवर आहे. थांबा. ओव्हर."

"कुठवर थांबू? ओव्हर."

वायरलेस ठेवला. आम्ही हौदातून बादल्या भरून गाईंवर ओतल्या. धोंडीराम चौसष्टकडे जास्त फेऱ्या मारत होता. मी म्हटलं, सावलीत बस.

"तूच बस, म्हाताऱ्या." तेव्हा आम्ही दोघं तिशीतले.

मग तो बादलीसकट खाली बसला. मला वाटलं, दमला. हात लावला तर अंग भट्टीसारखं, घाम नाही. हातातली बादली मी त्याच्यावर ओतली. ॲम्ब्युलन्स आली, टँकर नंतर आला. संध्याकाळी हॉस्पिटलातून कळलं, लान्स नायक धोंडीराम गेला.

तपासणीत चौसष्ट गाभण निघाली. मी साहेबांना विचारलं, "सर, पंख्यामुळे?"

"सांगता येत नाही. कदाचित तशीही राहिली असती."

तशीही म्हणजे काय? मग तो पट्टा कशाला, त्या बादल्या कशाला? मी चौथी शिकलो. साहेब तर डॉक्टर होते.

थंडी सरताना ती व्याली, कालवड झाली. धोंडीरामचे वडील तेव्हा त्याचं राहिलेलं सामान न्यायला आले होते, त्यांना मी शेडमध्ये नेलं, पट्ट्याची गोष्ट सांगितली. त्यांनी कालवडीचे पाय पाहिले, पाठीवरून हात फिरवला.

"ही त्याच्यामुळं?"

"हो," मी म्हटलं.

ते खरं होतं की नाही, मला आजही समजत नाही. पण कोणी विचारलं तर उत्तर तेच देईन.