नवरात्रात चालली, सिनेमानंतर नाही

माझी मोठी बहीण कात्रपमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. तिच्यात आणखी एक मुलगी राहते. ती आठ वर्षांची आहे. वर्षातून दोन-चारदा येते, कधी दहा मिनिटं, कधी तासभर. त्या वेळेतलं ताईला नंतर काही आठवत नाही. अंबरनाथ पश्चिमेच्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. घरात आम्ही त्या मुलीला धाकटी म्हणतो.

इमारतीने धाकटीला पहिल्यांदा पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, नवरात्रात. पार्किंगमध्ये आरती चालू होती. ताई मटकन खाली बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, "मला भूक लागलीय." बायकांनी तिला पाटावर बसवलं, मळवट भरला, ओटी भरली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पाया पडल्या. "आई, सुनेला दिवस कधी राहतील?"

"चिक्की द्या," धाकटी म्हणाली.

चिक्की आली. तिने पुडा संपवला. पुढे सुनेला मुलगी झाली, तेव्हा श्रेय देवीला गेलं. मी गप्प राहिले. देवी समजतात तर समजू दे, निदान त्रास तरी देत नाहीत, असं मला वाटलं. ही माझी चूक होती.

शिकवणीत धाकटी दोनदा आली. मुलांना ताईने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. एका मुलीने तिला वही-पेन्सिल दिली, धाकटीने घर काढलं, बाकीच्यांनी गणितं सोडवली.

यंदा सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा झाली आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवला. नायकाच्या शरीरात तिघे राहतात, त्यातला एक खुनी. मध्यंतरात लोक वळून वळून ताईकडे बघत होते. ती वेफर्स खात होती.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. मी वर्तमानपत्रात काम करते म्हणून इतिवृत्त नेहमी मीच लिहिते. त्यामुळे कोण काय बोललं ते माझ्याकडे आहे.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, पर्सनली घेऊ नका. पण पिक्चरमध्ये बघितलं ना, त्याला स्वतःलाच माहीत नसतं आपण काय करतोय. उद्या कुणाच्या पोराला काय झालं तर?"

"पिक्चरमधला तो माणसं मारतो. आमची चिक्की मागते," ताई म्हणाली.

दोघे-तिघे हसले. काकू हसल्या नाहीत. "अगं, पण ती देवी होती ना?"

"नव्हती, काकू. आजार आहे माझा."

"मग मी पाया पडले ते कुणाच्या?"

"माझ्याच. तेव्हा चाललं, आता का चालत नाही?"

काकूंनी पदर सावरला. सेक्रेटरींनी मुद्दा पुढे रेटला. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणेपर्यंत क्लास बंद.

"आणते की," ताई म्हणाली. "पण मग सगळ्यांनीच आणा. मागच्या महिन्यात तुम्ही वॉचमनच्या कानाखाली मारलीत. त्या दिवशी तुमच्यात कोण आलं होतं?"

मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "लिहा, मॅडमनी स्वतःहून क्लास बंद केला."

"असं त्या म्हणालेल्या नाहीत."

"अहो, तुम्ही त्यांच्या बहीण आहात म्हणून..."

"म्हणूनच शब्द बदलत नाही. एकही."

लिहिलेलं मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, वॉचमनचं काढा. मी विचारलं, काढायला सांगितलंत, तेही लिहू का? त्यांनी सही केली नाही. ठराव झाला नाही.

सोमवारी पाच वाजता सोळापैकी नऊ मुलं आली. दोन आया दारात उभ्या राहिल्या. ताई म्हणाली, "पहारा द्यायचा तर आत बसून द्या. वही घेऊन या, आज वर्गसमीकरणं आहेत." एक गेली. एक बसली.

त्या संध्याकाळी ताईने लिफ्टशेजारी कागद चिकटवला. इथे गणित शिकवलं जातं. शिकवणाऱ्या बाईंना आजार आहे. तास ठरल्या वेळी होतील. मंगळवारी तो कुणीतरी फाडला. बुधवारी तिने दुसरा लावला, त्यात फ्लॅटचा नंबर मोठ्या अक्षरांत होता.