मोटारीचं पाणी

चाकणच्या उद्धवरावांची मोटार भिमाजी चालवायचा, आणि मोटार उद्धवरावांची आहे हे गावात बहुधा एकट्या उद्धवरावांनाच आठवत असे. चाकण ते चिंचवड स्टेशन ही तिची रोजची खेप. आत बसायला जागा सहा जणांना, बसायचे दहा-अकरा, आणि टपावर भाजीच्या पाट्या नि कोंबड्यांची खुराडी. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, तिकडं कामाला जाणारे वाढले होते, आणि एसटीला अजून या आडरस्त्याचा पत्ता लागला नव्हता. खाकी सदरा घालून भिमाजी स्टिअरिंगवर बसला की तलाठीसुद्धा त्याला 'भिमाजीराव' म्हणायचे. थोरल्या भावाच्या शेतात राबत होता तोवर त्याला 'अरे'शिवाय दुसरी हाक ठाऊक नव्हती. मोटार गेली तर पुन्हा त्या 'अरे'कडं जायचं, एवढी एकच धास्ती त्यानं पोटात बाळगली होती.

म्हणून तर मोटार म्हणजे त्याचा जीव की प्राण. चढ ओलांडून इंद्रायणीच्या काठी गाडी आली की उतारूंनी खुशाल ताटकळावं, भिमाजी आधी बादली घेऊन नदीवर पळायचा. धापा टाकणाऱ्या इंजिनाचं झाकण फडक्यानं उघडून तो थंडगार पाणी ओतायचा, आणि उरलेलं मग स्वतः प्यायचा. लोक कौतुकानं हसायचे, आणि त्याला ते आवडायचं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मोटार फारच पाणी मागू लागली. पूर्वी एका बादलीत भागायचं, आता वाटेतली चिखली ओलांडायच्या आत बोनेटमधून वाफ निघे. बरं, गळत म्हणावं तर थेंब नाही. भिमाजीनं रबरी नळ्या बदलल्या. रेडिएटर पुण्याहून डाग देऊन आणला. रात्री गाडीखाली चुलीतली राख पसरून ठेवली, तर सकाळी राख जशीच्या तशी कोरडी. एका ट्रकवाल्यानं सांगितलं की पाण्यात हळद टाकली तर बारीक भोकं बुजतात. दुर्गाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, कुरकुरत का होईना घरची वर्षाची हळद काढून दिली. पाणी पिवळं झालं, पण जायचं ते गेलंच. शेवटी दुर्गाबाईंनी बोनेटवरून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. भिमाजीला हसू आलं, पण त्यानं त्यांना थांबवलं नाही. माणूस मेटाकुटीला आला की कशालाच नाही म्हणत नाही.

उद्धवराव तसे सबुरीचे. पण वाटेत दोनदा उतारूंना पायी जावं लागलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर गाडी काढून टाकू. भिमाजीनं गाडी मिस्त्रीकडं न्यायचं ठरवलं.

चिंचवडला सोपानराव मिस्त्री होता. लढाईच्या काळात त्यानं लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. आधी त्यालाही काही सापडलं नाही. नळ्या ठीक, पंप ठीक, रेडिएटर ठीक. मग त्यानं ऑइल मोजायची पट्टी उपसली आणि उजेडात धरली. काळं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"पाणी भायेर जातच न्हाई, भिमाजी," तो म्हणाला. "आतल्या आत ऑइलात चाललंय. इंजिनाचं बीड, म्हंजी वतीव लोखंड, तडकलंय."

"कशानं?"

"तापल्या बिडावर गार पाणी पडलं की तडकतं ते. घाईनं कोण वततं का पाणी?"

भिमाजीची नजर गाडीतल्या बादलीकडं गेली. सोपानरावानं पुढं बरंच सांगितलं, की हे विलायती इंजिन जुनं, असलं बीड आता कुठं मिळायचं नाही, सांधून टिकायचं नाही. भिमाजीच्या कानांवर ते पडत होतं एवढंच.

परतताना जागोजागी थांबून, इंजिन निवू देऊन, त्यानं गाडी कशीबशी चाकणला आणली. वाड्यावर जाऊन उद्धवरावांना सगळं सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. बीड तडकल्याचं त्यानं सांगितलं. कशानं तडकलं ते सांगायला तोंड उघडलं, तोच उद्धवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कष्टी हू नगंस. दुसऱ्याच्या हातात असती तर कवाच गेली असती. तू तिला एक दिस तहानलेली ठेवली न्हाईस."

शिव्या दिल्या असत्या तर त्याला बोलता आलं असतं. मान खाली घालून तो घरी आला.

दिवाळीनंतर मोटार पुण्याच्या भंगारवाल्याला दिली. तोवर इंजिन पुरतं जाम झालं होतं, म्हणून मालोजी गाडीवानानं आपली बैलजोडी पुढं जुंपली. उताराला ब्रेक दाबायला आणि चाक वळवायला आत कुणीतरी हवं होतं. बसला भिमाजीच. रस्त्यावरचे ओळखीचे लोक थांबून बघत होते. तो कुणाकडं बघत नव्हता.

नदीशी आल्यावर मालोजीनं बैल सोडले. ते पाण्याकडं ओढ घेऊ लागले, तसे त्यानं कासरे आवळून त्यांना बाभळीखाली उभं केलं.

"जरा निवू द्या," तो भिमाजीला म्हणाला. "तापल्या अंगी पाणी बाधतं जनावराला."

हे भिमाजीला लहानपणापासून ठाऊक होतं. भावाच्या बैलांना घाम वाळल्याशिवाय त्यानं कधी पाणी दाखवलं नव्हतं. मोटारीच्या बाबतीत मात्र ही साधी गोष्ट एकदाही त्याच्या मनात आली नव्हती. त्याला रडू आवरेना. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो तसाच बसून राहिला, आणि बैलांचा घाम वाळल्यावर मालोजी त्यांना घेऊन पाण्यावर गेला.