रामाच्या होडीचा हिरवा

सरावलीत रिद्धीचा फोटो स्टुडिओ आहे. एवढासा गाळा, मागे पांढरा पडदा, पुढे एक स्टूल. कारखान्यात कामाला लागायचं तर फोटो लागतोच, त्यामुळे शिफ्ट सुटली की कामगार दारात हजर. "भैया, ठोड़ी थोड़ी ऊपर," हे ती दिवसातून चाळीस वेळा म्हणते. पण पासपोर्ट फोटोत रंगाला वाव तो किती? म्हणून गेल्या वर्षी तिने मनाचा हिय्या करून चांगला कॅमेरा आणि भारी मॉनिटर घेतला. शिवाय इंटरनेटवरच्या एका उंटावरच्या शहाण्याचं ऐकून कॅमेऱ्यातली कलर स्पेस, म्हणजे रंग मोजायचं माप, बदलली. एसआरजीबी म्हणे नवशिक्यांची. अडोबी आरजीबी निवडा, तिच्यात रंग जास्त मावतात. हे खोटं नव्हतं, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला तेवढंच पुरतं. पांढऱ्या पडद्यापुढच्या पासपोर्ट फोटोंत फरक कोणाच्या लक्षातही आला नाही.

अशात एके दिवशी तारापूरच्या बाजूने हंसामावशी आली. मासे विकणारी, आवाज खणखणीत. तिचा नवरा रामा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता आणि त्यांची होडी विकली गेली होती.

"परवा न्यायला येतील," मावशी म्हणाली. "त्याला किनाऱ्यावर नेता येत नाय. मोठा फोटो काढून दे, त्याच्या समोर भिंतीवर लावते. रंग मात्र तोच पायजे, पोरी. तो रंग त्याचा हाय."

होडीचा हिरवा रामा स्वतः कालवायचा. हिरव्यात थोडा निळा घालायचा, किती ते कुणाला सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिद्धीने फोटो काढला. मॉनिटरवर तो हिरवा असा उठून आला की ती स्वतःवरच खूश झाली. पालघरच्या लॅबमधून प्रिंट मागवली, पाकीट न उघडताच फ्रेमवाल्याकडे दिली आणि त्याने ती परस्पर मावशीच्या घरी पोचवली. पाकीट उघडायला हवं होतं.

चार दिवसांनी मावशी फ्रेम टॉवेलात गुंडाळून परत आली. आरडाओरडा नाही, काही नाही. तिने तो केला असता तर रिद्धीला बरं वाटलं असतं.

"त्यानं बघितली आनि तोंड फिरवलं," ती म्हणाली. "बोलला, ही आपली नाय. तवापासून बोलतच नाय."

रिद्धीने टॉवेल बाजूला केला. होडीचा हिरवा उडाला होता, जुन्या परकरासारखा. आणि आता दुसरा फोटो काढायचा तर कशाचा? नव्या मालकाने होडीला लाल रंग लावूनही टाकला होता.

रिद्धी तडक पालघरला निघाली, भांडायच्या तयारीने. मावशीही सोबत आली. लॅबमध्ये कृष्णकांतकाका बसतात. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या लग्नाचे अल्बम छापलेत. त्यांनी रिद्धीचं सगळं ऐकून घेतलं, फाइल उघडली आणि शांतपणे म्हणाले, "फोटो अडोबी आरजीबीत आहे. तुझा मॉनिटर ते ओळखतो. आमचं मशीन येईल ती फाइल एसआरजीबी समजून छापतं. तू सांगितलं नाहीस, आम्ही विचारलं नाही."

रिद्धीचा चेहरा उतरला. कळलं तर अर्धवटच होतं. मावशी मात्र पुढे सरकली.

"थांबा भाऊ. म्हंजे मासळी ही मोठ्या पाटीनं मोजते, तुमी लहान पाटीनं. ही सांगते दहा पाट्या, तुमी पन दहाच भरता. आकडा बरोबर, पन मावरं कमी!"

काका खुर्चीत मागे रेलून हसले. "तीस वर्षांत इतकं सोपं मला कोणाला सांगता आलं नाही," ते म्हणाले. मग रिद्धीकडे वळले, "मूळ फाइलीत सगळा रंग शाबूत आहे, घाबरू नकोस. मोबाइलवर पाठवायची प्रत एसआरजीबीत बदलून दे, ती सगळीकडे नीट दिसेल. पण हा हिरवा त्या लहान पाटीत पुरता मावत नाही, आणि आमच्या कागदावर त्याला थोडी जास्त जागा आहे. म्हणून छापायची प्रत मुळातून थेट या कागदाच्या हिशेबाने करू."

दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी काकांनी तीन छोटे तुकडे छापले. मावशीने ते दिव्याखाली पाहायला साफ नकार दिला. "दिव्याखाली शिळं पन ताजं दिसतं," म्हणत ती तुकडे घेऊन बाहेर उन्हात गेली आणि मधला निवडून आली. रिद्धी तिच्याकडे पाहत राहिली. आपला फोटो बिघडवणाऱ्या पोरीवर ही बाई रागावली नव्हती, उलट तिला शिकवत होती. आणि काकांनी तर चूक दाखवताना एकदाही आवाज चढवला नव्हता. असे लोक भेटायला नशीब लागतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

नवी फ्रेम घेऊन ती स्वतः मावशीच्या घरी गेली. रामा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मावशीने त्याला दुसऱ्या कुशीवर वळवलं आणि रिद्धीने फ्रेम समोर धरली. तो बघत राहिला. रिद्धीचे हात भरून आले तरी तिने फ्रेम हलू दिली नाही.

मग रामाने धड असलेला हात उचलला आणि होडीच्या पुढच्या टोकाशी बोट टेकवलं.

"हितं," तो अडखळत म्हणाला, "रंगाचा दुसरा हात... द्यायचा राह्यला."

"वरीसभर हेच बोलत व्हता हा!" मावशी हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली.

रिद्धीने वाकून पाहिलं. टोकाशी बोटभर जागेत हिरवा खरोखरच पातळ होता. तिने तो फोटो शंभरदा पाहिला असेल, तिला ते दिसलं नव्हतं. फ्रेम भिंतीला लावून ती अंगणात आली आणि कृष्णकांतकाकांना फोन लावला.

"काका, होडी ओळखली त्यांनी," ती म्हणाली.