सरक म्हणलं की सरकायची

शिडाची होडी आमच्या गावात दुसऱ्या कुणाकडं न्हाई. शहागडजवळ बंधाऱ्याचं पाणी तुंबतं, तिथं बाभळीला बांधलेली असते ती माझी. लांबच्या एका धरणावर मी राखणदार होतो. तिथला सैरसपाट्याचा धंदा बंद पडला. मोटारीच्या होड्या लोकांनी जल्दी उचलल्या, ही भंगारात निघाली. म्या आणली. बायकोनं फाटकं शीड मशीनवर शिवून दिलं आन म्हणली, बैलं इकले आन हे आणलं.

या होडीला दोन माणसं लागतात. एकानं सुकाणू आन शिडाची दोरी धरायची, दुसऱ्यानं वाऱ्याच्या अंगाला बसायचं, न्हाई तर होडी कलंडती. वारं फिरलं की म्या म्हणायचो, "सरक."

"मी काय पोतं हाय का," ती म्हणायची, "हिकडं ठेव, तिकडं ठेव."

पण सरकायची बराबर, लुगड्याचा काठ खाली दाबून. तिला पवता येत न्हवतं. म्हणून तेलाचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावून, एक तिच्या पाठीला, एक माझ्या. माझी गाठ तीच मारायची, मला मारू द्यायची न्हाई. माझा नेम एकच. शिडाची दोरी हातात धरायची, बांधायची बिलकुल न्हाई. झटका आला की सोडता आली पाहिजे.

मागच्या थंडीत ती गेली. लेक परतूरला असतो. होडी इकून टाका, आबा, एकट्याचं काम न्हाई, म्हणला.

तिच्याबिगर होडीचं तोंड वर उचलायचं. राखणदारी सोडली तर सारा जन्म बैलगाडीत गेलेला. गाडी मागं उलाळ झाली, जू वर उचललं की आपण पुढं वजन टाकतो, तसं सरकीचं पोतं गड्याकडून तिच्या जागेवर ठेवून घेतलं. भिजू न्हाई म्हणून तिचं जुनं लुगडं गुंडाळलं. काठावरून कुणी बसल्यावाणी दिसायचं. बाया धुणं उचलून निघून जायच्या.

एक दिवस ऊन उतरताना निघालो. कॅन बांधला न्हाई. इसरलो न्हाई, बांधला न्हाई. दोरी पण फळीला बांधून टाकली. जे व्हायचं ते होऊ दे, म्हणलं.

मधोमध गेल्तो आन वारं पडलं. पाणी तेल ओतल्यावाणी. पुलावरच्या ट्रकांचा आवाज कधी थांबत न्हाई, तो थांबला. काठावरचे बगळे सारे माझ्याकडं तोंड करून.

मंग मागून झटका आला. शीड धाडकन दुसऱ्या अंगाला गेलं, होडी कलंडली. पोतं घसरून खालच्या अंगाला गेलं. त्याला काय कळतंय. पाणी आत यायला लागलं आन माझ्या तोंडातून निघालं, "सरक."

होडी सरळ झाली.

म्या दोरीची गाठ सोडत होतो, पाह्यलं न्हाई. मान वळवली तर पोतं वरच्या अंगाला, लुगड्याचा काठ खाली दाबलेला. हेलकाव्यानं फेकलं असंल. मला एकट्याला हलत न्हाई ते पोतं.

काठाला एक परगावचा ट्रकवाला अंघोळ करत होता. त्यानं होडी धरली.

"बाबा, आधी बाईला उतरू द्या. घाबरल्यात."

म्या इचारलं, काय म्हणून राह्यली?

"बोलत काही न्हाईत. तुमच्या पाठीकडं पाहून राह्यल्यात."

सरकी म्या दुसऱ्याच दिवशी म्हशीला घातली. होडी इकली न्हाई. आता हलक्या वाऱ्यातच जातो, थोडा पुढं सरकून बसतो, दोरी हातात. कॅनची गाठ पोटावर मारतो आन कॅन फिरवून पाठीवर घेतो, मागं हात पुरत न्हाई.

लेक आल्ता तवा त्यानं कॅन पाह्यला, त्याला बरं वाटलं. इकायचं बोलला न्हाई. रिकाम्या जागेवर ठेवलेला दुसरा कॅन कशाला, एवढं इचारलं.

"तिला पवता येत न्हाई," म्या म्हणलं.