अडीचशे किलो आणि एक माणूस

किस्से मुद्दाम कोणी साठवत नाही. घरात बिस्किटांचे रिकामे डबे साठत जातात ना, टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत, तसे ते साठतात. पूर्वी आम्ही चौघं दर रविवारी तेच ते किस्से एकमेकांना सांगायचो, प्रत्येक वेळी थोडा जास्त मसाला लावून. आता समोर ऐकायला कोणी नाही, म्हणून लिहून टाकतो. चहा घेऊन बसा.

आधी मंडळी सांगतो. प्रकाशभाऊ म्हणजे संत्र्याचे बागायतदार. बाग वरूडला, घर अमरावतीला आणि गाडी जर्मन, साडेबाराशे सीसीची. रश्मीताई अमरावतीच्या दातांच्या डॉक्टर, त्यांची गाडी देशी, साडेचारशेची. इक्बालभाईंचं अकोल्यात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान, गाडी ऑस्ट्रियन आणि भडक नारिंगी. संत्री एकाची आणि नारिंगी गाडी दुसऱ्याची, यावर रुसवेफुगवेही होऊन गेलेत! चौथा मी. पस्तीस वर्षं अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माती तपासली, पोरांना शिकवली आणि रिटायर झाल्यावर जपानी अकराशे सीसी घेतली. वजन अडीचशे किलो.

या सगळ्या गाड्यांना ‘ॲडव्हेंचर बाइक’ म्हणतात. वाळवंट, नद्या, बर्फ ओलांडायला बनवलेल्या. आम्ही त्यांच्यावरून मूर्तिजापूरला आलूबोंडा खायला जायचो.

मूर्तिजापूर अकोला आणि अमरावतीच्या मध्ये. रविवारी सकाळी सातला तिथल्या हॉटेलवर पोचायचं आणि साडेसातपर्यंत थांबायचं, एवढा एकच नियम. फोन करायचा नाही. जो येईल तो येईल. रश्मीताई बहुतेक साडेसातच्या तोंडावरच यायच्या.

मग प्रकाशभाऊंची कंबर गेली. इक्बालभाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांनी गाडी विकून स्कूटर घेतली. रश्मीताई नातू झाला म्हणून चार महिन्यांसाठी पुण्याला गेल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. दीड वर्षापासून मूर्तिजापूरला मी एकटा जातो. साडेसातपर्यंत थांबतो आणि परत येतो.

माझी बायको जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी, मृणाल, बंगलोरला. ती दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते आणि पहिला प्रश्न ठरलेला, “बाबा, आज पडली का?” आमचा करारच आहे. एकटा असताना गाडी पडली आणि मला उचलता आली नाही, तर गाडी विकायची. खोटं बोलायचं नाही. मी कबूल केलंय. पण गाडी गेली तर माझा रविवारही सोमवारसारखाच होईल. सोमवार कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे.

असो. किस्से.

* * *

प्रकाशभाऊंची उंची पाच फूट दोन इंच. त्यांच्या जर्मन गाडीची सीट बेंबीपर्यंत यायची. शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, “भाऊ, सवय होऊन जाते.” सवय झाली खरी, पण ती ओट्याची झाली! शेजारी ओटा असल्याशिवाय त्यांना गाडीवर चढता यायचं नाही आणि उतरताही यायचं नाही. अमरावती ते मूर्तिजापूर रस्त्यावरचा प्रत्येक पार, प्रत्येक पूल आणि मारुतीच्या देवळाचा प्रत्येक ओटा त्यांना पाठ होता.

हॉटेलसमोर ओटा नव्हता. त्यामुळे प्रकाशभाऊ गाडीवर बसूनच चहा प्यायचे, एक पाय जमिनीला टेकवून, वरातीतल्या नवरदेवासारखे.

एका रविवारी आम्ही गाड्या बदलून पाहिल्या. त्यांना मिळाली रश्मीताईंची साडेचारशे. दोन्ही पाय जमिनीला टेकले! हॉटेलसमोर ते तीनदा उतरले, तीनदा चढले. खुर्चीत बसून चहा घेतला आणि म्हणाले, “आज समजलं मले, चहा बसून पेतात.”

रश्मीताई म्हणाल्या, “मग हीच घ्या ना.”

“घेतो ना! पण वरूडले काय सांगू? प्रकाश लहान झाला मनून?”

आणि पुन्हा ओटा शोधत त्या जर्मन गाडीकडं निघाले.

* * *

मोठी गाडी उभी केली की माणसं जमतात आणि विचारतात, “किती देते?” गाडी कुठली, कशी, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. ॲव्हरेज सांगा!

एकदा मूर्तिजापूरला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मात्र तो प्रश्न विचारला नाही. त्यानं चारही गाड्यांभोवती शांतपणे फेरी मारली, वाकून मागचं चाक पाहिलं आणि विचारलं, “याले वखर लागते का?”

“नाही,” मी म्हणालो.

“फवारणीचा पंप?”

“नाही, काका.”

“मंग हे करते काय?”

रश्मीताईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “आम्हाला घराबाहेर काढते.”

म्हाताऱ्यानं सीटवर एक थाप मारली. “मंग चांगली हाय,” म्हणाला आणि गेला.

* * *

इक्बालभाईंच्या ऑस्ट्रियन गाडीचा पिकअप म्हणजे विचारू नका. पण तिचं इंजिन पेटलेल्या चुलीसारखं तापायचं आणि सगळी आग उजव्या मांडीवर. डिसेंबरात चिखलदऱ्याला आम्ही तिच्याभोवती हात शेकत उभे राहायचो. पण अकोल्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे!

एकदा भर दुपारी सिग्नल लाल. इक्बालभाईंनी उजवा पाय उचलून थेट क्रॅशगार्डवर ठेवला. ट्रॅफिक हवालदार आला. “पाय खाली घ्या.”

“साहेब, एक मेहेरबानी करा. तुमी एक मिनिट बसून पाहा.”

हवालदारालाही हौस आली असावी. इंजिन चालू, हवालदार गाडीवर, इक्बालभाई बाजूला रुमालानं वारा घेत उभे. पंधरा सेकंद गेले असतील. हवालदार ताडकन उठला, मांडी झाडली आणि म्हणाला, “जा बाबा, जा! थांबू नको कोठीच!”

सिग्नल अजून लालच होता.

* * *

आता एक किस्सा माझ्या मातीचा. सप्टेंबर महिना, दर्यापूरकडचा पांदण रस्ता, रात्री पाऊस पडून गेलेला. मी पुढं होतो. मातीचा माणूस मी, म्हणून सगळ्यांनी मला विचारलं, “सर, जाईल का?” मी हेल्मेटच्या आतून शास्त्रीय भाषेत उत्तर दिलं, “वरचा थर वाळलाय, जाईल.”

पन्नास फुटांवर काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी गच्च बसली की चाक फिरेना. जर्मन अडकली, ऑस्ट्रियन अडकली, जपानी अडकली. रश्मीताईंची साडेचारशे कडेच्या गवतावरून डुलत डुलत पार झाली!

इक्बालभाई ओरडले, “मॅडम, दोर हाय का? खेचता का?”

“थांबा, आधी फोटो काढते!”

शेवटी एका शेतकऱ्यानं बैलजोडी आणली. जर्मन गाडीला दोर बांधला आणि साडेबाराशे सीसी बैलांमागं निमूटपणे निघाली. प्रकाशभाऊ वर बसून, कारण उतरायला ओटा नव्हता. इक्बालभाईंनी संधी सोडली नाही. बैलांकडं बोट दाखवून विचारलं, “काका, किती देते?”

शेतकऱ्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. “कडब्याच्या दोन पेंड्यात सांजलोक जाते!”

त्या दिवशी मी इतका हसलो की पोटात दुखलं. घरी आल्यावर चिखलाचे बूट दाराशी काढले. घरात सांगायला कोणी नव्हतं, पण तेव्हा त्याचं एवढं वाटलं नाही. पुढच्या रविवारी सांगायचंच होतं.

* * *

आम्ही चौघांनी हेल्मेटमध्ये बसवायचे इंटरकॉम घेतले होते. पुढच्यानं सांगायचं, खड्डा डावीकडं, कुत्रं उजवीकडं, ट्रॅक्टर समोर. पुढं बहुतेक मीच.

ग्रुप बंद झाला, पण माझी जीभ काही बंद होईना. अजूनही मी बोलतो. “खड्डा, डावीकडं.” “स्पीड ब्रेकर, रंग नाही.” मागं कोणी नाही हे माहीत असतं. तरी बोललं नाही तर चुकल्यासारखं वाटतं, मागच्याचं काही झालं तर जबाबदारी आपली, असं.

एका रविवारी बोरगावजवळ फोन आला आणि हेल्मेटमध्ये आपोआप उचलला गेला. मी सांगत होतो, “हळू. पुढं गिट्टी पडली आहे, एकामागं एक या.”

कानात मृणालचा आवाज, “बाबा? कोणाला सांगताय?”

“ट्रकवाल्याला,” मी म्हणालो.

करारात गाडी पडण्याबद्दल खोटं बोलायचं नाही एवढंच होतं.

* * *

आता शेवटचा. हा अजून कुणाला सांगितलेला नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मूर्तिजापूरला साडेसातपर्यंत थांबलो आणि घरी जावंसं वाटेना. अकोला ओलांडून बार्शीटाकळीकडं निघालो आणि एका पांदण रस्त्याला लागलो. दोन्हीकडं फुटलेला कापूस. पाणी प्यायला थांबलो, साइड स्टँड लावला, खाली उतरलो आणि गाडी सावकाश, अगदी सवडीनं आडवी झाली!

स्टँड जमिनीच्या भेगेत गेला होता. काळी माती वाळली की भेगा पडतात, त्यात हातभर काठी जाते, हे मी पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि माझा स्टँड बरोबर तिथंच गेला.

हँडल धरून उचलून पाहिलं. पाठ लावून पाहिलं. टाकी रिकामी असती तर, गुडघे चाळीस वर्षांचे असते तर. तीनदा पाहिलं, गाडी वीतभरही उठेना. मी तिच्याजवळच खाली बसलो. करार आठवला. रडू आलं नाही, पण यायला हवं होतं असं वाटलं.

कापूस वेचणाऱ्या सहा बाया शेतातून आल्या. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी पुढं होती. “लागलं तं नाही, बाप्पा?”

“नाही. गाडी जड आहे.”

“हात लावा वं पोरीहो!” ती म्हणाली. सहा जणी आणि मी सातवा. कापसाचं गाठोडं उचलावं तशी गाडी उभी राहिली! स्टँडखाली ठेवायला एकीनं सपाट दगडही आणला.

म्हातारीनं गाडी पाहिली, मग मला पाहिलं. “येवढी मोठी गाडी घेऊन एकटेच हिंडता काय?”

“नाही,” मी म्हणालो. “मागून तिघं येऊन राह्यले.”

लाज वाटली म्हणून बोललो. सहा जणींसमोर एकटा आहे म्हणायची लाज.

“मंग काऊन उभे? बसा सावलीत. येऊ द्या त्याइले.”

त्यांची जेवायची वेळ झालीच होती. बाभळीखाली फडकी सुटली. मला ज्वारीची भाकर आणि ठेचा मिळाला. म्हातारी दर घासाला रस्त्याकडं पाहायची. “कोठी राह्यले वं हे?”

मी सांगितलं, “त्यातला एक बुटका आहे. ओटा दिसल्याशिवाय थांबतच नाही.” बाया हसल्या. मग मी बैलजोडीचा सांगितला. हवालदाराचा सांगितला. एका पोरीला हसता हसता ठसका लागला. कितीतरी महिन्यांनी मी सगळे किस्से पहिल्यापासून सांगितले, मसाल्यासकट.

तास गेला. बाया वेचायला उठल्या. म्हातारीनं उरलेल्या तीन भाकरी आणि ठेचा एका फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. “भेटले का देजा त्याइले. उपाशी असतीन.”

“देतो,” मी म्हणालो.

संध्याकाळी मृणालचा फोन. “बाबा, आज पडली का?”

“पडली.”

तिनं हळूच विचारलं, “कोणी उचलली?”

“सात जण होतो.”

“सात?” तिचा चेहरा असा उजळला की मला पाहवेना. “ग्रुप परत सुरू झाला?”

“आज जेवणही सोबतच झालं.”

“मग राहू द्या गाडी! आणि सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.”

“सांगतो.”

फोन ठेवला आणि टेबलावरचं फडकं सोडलं. आधी प्रकाशभाऊंच्या वाटची भाकर खाल्ली, मग इक्बालभाईंची. रश्मीताईंची झाकून ठेवली. त्या नेहमी उशिराच येतात.