सदाशिवरावांची पुडी

अल्लीपुरात सदाशिवरावांना सगळे डॉक्टर म्हणतात. ते डॉक्टर नाहीत. ते फार्मासिस्टसुद्धा नाहीत. त्यांच्या मेडिकलच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत जो परवाना टांगलाय तो भलत्याच माणसाचा आहे, आणि त्या माणसाला गावात आजवर कुणी पाहिलेलं नाही. सदाशिवराव बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नापास झाले, हिंगणघाटला एका डॉक्टरांकडे चार वर्षं कंपाउंडर होते, आणि त्या अर्ध्या हळकुंडानं गेली तीस वर्षं पिवळे होऊन बसलेत.

मी त्याच गावची, तानाबाईची मुलगी. जिल्ह्यातल्या एका मोठ्या इस्पितळात लॅब टेक्निशियन आहे. थुंकी, रक्त, पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी यांत जंतू शोधणं हे माझं काम. म्हणजे सदाशिवराव गावात जे करून ठेवतात ते निस्तरायला माझ्या टेबलावर येतं.

त्यांची पुडी सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. कुणी खोकत आलं की हे ड्रॉवर ओढतात, वेष्टनातून गोळ्या काढतात आणि एक पिवळी, एक पांढरी, एक अर्धी अशा पेपरच्या तुकड्यात बांधून देतात. पिवळी म्हणजे कुठलं तरी अँटिबायोटिक. पांढरी तापाची. अर्धी म्हणजे स्टिरॉइड, त्यानं ताप असा उतरतो की माणूस दुसऱ्या दिवशी शेतात निंदायला जातो. वेष्टन ते कुणाला देत नाहीत. नाव कळलं तर लोक दुसऱ्या दुकानात जाऊन मागतील ना! आणि पुडी फक्त दोन दिवसांची. "जास्त खाल्लं तं गरम पडते," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. लोकांनाही तेच आवडतं. माझी आईसुद्धा वर्षानुवर्षं त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर उभी राहिली, आणि मी घरी येऊन कितीही डोकं फोडलं तरी "त्याच्या हाताले गुण आहे" हेच ऐकलं. हाताला गुण! गुण स्टिरॉइडला होता.

यात बिघडतं काय, ते सांगते. न्यूमोकॉकस नावाचा एक जंतू असतो. चांगल्याभल्या माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या नाकाघशात तो निमूट पडून असतो. सर्दीपडशानं वाट मोकळी झाली की कानात उतरतो, फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया करतो, आणि कधी रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. तो मेंदूज्वर. तिथं गोळीचं औषध धड पोचत नाही. दोन दिवसांच्या पुडीनं हा जंतू मरत नाही, पण एवढा अर्धमेला होतो की आमच्या तपासणीत मात्र उगवत नाही. रोग्याच्या अंगात जिवंत आणि जंतू वाढवायच्या माझ्या ताटलीत मेलेला. आमचे हात बांधायला यापेक्षा चांगली युक्ती शत्रूलाही सुचली नसती.

गेल्या हिवाळ्यात ही पुडी त्यांच्या स्वतःच्या नातीनं खाल्ली. आचल, नऊ वर्षांची. खोकला, ताप, एक कान ठणकत होता. आजोबांनी दोन दिवस पुडी दिली, ताप उतरला, आणि यांनी दुकानात चार लोकांसमोर मिशीवरून हात फिरवला. चौथ्या दिवशी पोरीचं डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, उजेड सहन होईना. "पित्त झालं," हे म्हणाले. पाचव्या दिवशी मान वाकेना आणि ती माणसं ओळखेना, तेव्हा त्यांच्या मुलानं, प्रफुलनं, बापाला न विचारता गाडी काढली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "याआधी काही औषध दिलंय का?" प्रफुलची बायको नंदिनी बोलायला गेली, तर तिच्याआधी सदाशिवराव म्हणाले, "काहीच नाई. फक्त तापाची गोळी."

मणक्यातलं पाणी माझ्याकडे आलं. गढूळ, पू झालेल्या पेशींनी भरलेलं, पण जंतू एकही दिसेना. दोन दिवस झाले, ताटलीत काही उगवलं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं पहिल्याच तासात सुरू केली होती, पण पोर शुद्धीवर येत नव्हती आणि आता ते पेचात पडले. औषध आधी दिलेलंच नाही, तर जंतू गेला कुठं? मग हा टीबीचा मेंदूज्वर असेल का? त्याची औषधं निराळी, वर्षभराची, लिव्हरला जड. ती सुरू करायची की नाही, हे त्या दुपारी ठरणार होतं.

फॉर्मवरचं नाव आणि गाव मी तेव्हा नीट वाचलं. तशीच उठले. सदाशिवराव वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

"काका, पुडी देल्ली होती ना?"

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल, पोरी. नर्स आहे तिथं."

"देल्ली का नाई?"

"देल्ली. पन डॉक्टरले नको सांगू. गावात तोंड दाखवाले जागा राह्यणार नाई."

नात आत मरायला टेकलेली आणि या माणसाला गावात तोंड दाखवायची पडली होती! मला त्यांची किळस आली. मी म्हटलं, "पिवळी गोळी कोणती होती? नाव सांगा."

ते शर्टाची बाही सारखी करायला लागले. मला वाटलं, धंद्याचं गुपित राखताहेत. मी चढ्या आवाजात पुन्हा विचारलं.

"मले मालूम नाई," ते म्हणाले. "जे आधी एक्सपायर होऊन राह्यलं असते, ते पयले पुडीत टाकतो मी."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीस वर्षं गावानं ज्या हाताचा गुण गायला तो हात तारीख उलटत आलेला माल खपवत होता. मी त्यांना मनगटाला धरून आत नेलं. डॉक्टरांसमोर त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं लिहून घेतलं. ते रागावले कसे नाहीत याचा मला आजही राग येतो.

मग तेच पाणी दुसऱ्या तपासणीला पाठवलं, जिच्यात मेलेला जंतूही सापडतो. न्यूमोकॉकस निघाला. टीबीची औषधं टळली, इंजेक्शनं तशीच चालू राहिली, आणि इस्पितळातल्या आठव्या दिवशी आचलनं डोळे उघडून पाणी मागितलं. सदाशिवराव लगेच पहिल्यासारखे ताठ बसायला लागले. शेजारच्या खाटेवरच्या बाईला पथ्य सांगताना मी त्यांना माझ्या कानांनी ऐकलं.

अकराव्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा आचल खिडकीकडे तोंड करून बसली होती. नंदिनीनं मागून हाक मारली. पोरीनं मान वळवली नाही. नंदिनीनं पुन्हा हाक मारली, मग तिच्या कानामागे जोरात टाळी वाजवली. काहीच नाही. या रोगात कधी कधी ऐकू येणं कायमचं जातं, मला ठाऊक होतं.

सदाशिवराव म्हणाले, "मळ असंन कानात. दुकानात ड्रॉप आहे, आणतो मी."

नंदिनी वळली. सासऱ्यापुढं तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात ती ओरडली, "तुमी माह्या पोरीले यापुढं हात नका लावू!"

सगळा वॉर्ड आमच्याकडे पाहायला लागला. तेवढ्यात आचलनं सहज मान वळवली, तिला आजोबा दिसले, आणि ती त्यांच्याकडे पाहून हसली.