दोन्ही टाक्या डाव्या

विमान उडत असलं की किस्से घडत नाहीत. ते जमिनीवर बसलं की ढिगाने जमतात. साठ सालाच्या आसपास दिग्रसजवळच्या माळावर आमचं औषध फवारायचं विमान अडीच महिने बसून होतं. मी तिथला मेकॅनिक. ऐका!

*

ऐन बोंडअळीच्या दिवसांत दोन्ही पंखांतून पेट्रोल ठिबकायला लागलं. आतल्या टाक्या सडल्या होत्या. कापसाच्या जिनिंग कारखान्यात झाळकाम करणाऱ्या युसूफभाईंना बोलावलं.

"डाग देऊन पाहू का, साहेब?"

"आणि हवेत उकलला तर?" पायलट साहेबांनी विचारलं.

"तवा तुमी वर रायसान, मी खाली. म्हनून तं इचारून राह्यलो!"

साहेबांनी त्याच दिवशी नव्या टाक्या मागवल्या.

*

टाक्या पंखांच्या पोटात, म्हणून पंखांवर ताणलेलं कापड फाडून आम्ही वाट पाहत बसलो. पेटी आली, उघडली, तर दोन्ही टाक्या डाव्या पंखाच्या! एकच परत करायची, तर आमच्या स्टोअरकीपरने नियमावर बोट ठेवून अख्खी पेटी परत धाडली. तीन आठवड्यांनी दुसरी आली. दोन्ही उजव्या!

युसूफभाई म्हणाले, "आता एका पंखाचंच इमान उडवा, साहेब!"

मला हसू आलं नाही. शेजारच्या तांड्यावरचे धनसिंग कारभारी रोज सकाळी येऊन विचारत, "आज उडते का?" त्यांच्या कपाशीची बोंडं अळी पोखरत चालली होती. त्यांच्याकडे पाहून "नाही" म्हणायची मला लाज वाटे.

*

शेवटी एक डावी, एक उजवी मिळाली. टाक्या बसवल्या, नळ्या जोडल्या, कापड शिवून रोगण दिलं. नारळ फुटला. इंजिन चालू झालं, खोकलं, बंद! पुन्हा कापड फाडलं. टाकीच्या जाळीत काय अडकलं होतं? ज्वारी!

पूजेला आलेले कारभारी चाचरत म्हणाले, "पेरायची नवी तिफन वावरात नेताना तिले पयले मूठभर दाने देतो न आमी. रिकामी कशी धाडाव?"

आम्ही टाकी धुतली आणि पुन्हा कापड शिवायला घेतलं. नवं रोगण वाळायलाच आठ दिवस जाणार होते. स्वतःची फवारणी त्यांनी स्वतःच पुढे ढकलली होती, आणि ते त्यांनाही कळलं होतं.

*

विमान उडालं! पहिलं वावर कारभाऱ्यांचं, हे ठरलेलंच होतं. पायलटला फवारायची रेघ कळावी म्हणून वावराच्या दोन्ही टोकांना माणसं पांढरी निशाणं धरून उभी राहतात. साहेब पंधरा मिनिटांत परत उतरले.

"कपाशी उपटून टाकलीय त्यांनी. नुसती काळी माती आहे."

"मग निशाणं धरायला कुणी नव्हतं?"

"होते ना. एका टोकाला कारभारी, दुसऱ्या टोकाला कारभारीण."

"मग तुम्ही काय केलं?"

साहेब हातमोजे काढत म्हणाले, "फवारलं."